मैंदर्गीच्या गाड्या

निंगव्वानं माप भरलं आणि वर आलेली शीग तळहातानं सपाट केली. जादा डाळ परत पोत्यात पडली. काशम्मा पिशवीचं तोंड धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत निंगव्वानं तिच्यासाठी माप कधी सपाट केलं नव्हतं. शीग घसरून पिशवीबाहेर सांडेल अशी भरायची, वर आणखी एक मूठ टाकायची, आणि काशम्मा पुरे पुरे म्हणाली की हसून म्हणायची, तुझ्याच गावच्या मातीतली हाय, ने की. आज ती हसली नाही. डाळ ओतून झाल्यावर तिनं माप पोत्याच्या कडेला आपटून झाडलं, कुणाही गिऱ्हाइकापुढं झाडावं तसं, आणि नजर वर न करता म्हणाली, "आणि काय पायजे, बाई?"

बाई. आपण ऐकण्यात चुकलो असं काशम्माला वाटलं. मैंदर्गीत दोघींच्या घरांना मधली भिंत एक होती. परकर नेसायच्या वयापासून निंगव्वानं तिला काशी सोडून दुसऱ्या नावानं हाक मारलेली नव्हती. पुढं काशम्माला सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या लुगड्यांच्या दुकानदाराच्या घरी दिली, तिला मुलगा झाला, तो वाढून बापाच्या शेजारी गादीवर बसायला लागला, तरी मंगळवारच्या बाजारात चार माणसांच्या देखत निंगव्वा मोठ्यानं काशी म्हणायची आणि काशम्माला ते हवं असायचं. घरात त्या नावानं हाक मारणारं कुणीच नव्हतं. सासू होती तोवर तिला मैंदर्गीची म्हणायची. नवरा ऐकलंस का म्हणायचा, आणि एवढ्यावर तीस वर्षं निघाली होती. सासरी बोलणं सगळं मराठीत. कानडी तिच्या तोंडात यायची ती फक्त इथं, या चार गाड्यांच्या सावलीत, मिरच्यांचा खकाणा नाकात जात असताना. पंधरा-पंधरा दिवसांनी या गाड्या अक्कलकोटावरून वळसंगाला मुक्काम करून सोलापुरात येत. त्यांच्या बरोबर डाळ, मिरची, शेंगा येत आणि अव्वाचा, तिच्या आईचा, निरोपही येई. निरोप म्हणजे काय, अव्वाच्या गुडघ्याचं, म्हशीचं, भाऊ चन्नवीरच्या बायकोच्या तोंडाळपणाचं. तेवढं ऐकलं की काशम्माचे पुढचे पंधरा दिवस जात.

आज सकाळी उठल्यापासून ती खुशीत होती. दोन महिन्यांनी बाजार तिच्या वाट्याला आला होता. संक्रांतीचा गड्डा, सोलापूरची मोठी जत्रा, उलगला तेव्हापासून सून नीलव्वाच बाजार करत होती. अत्ती, तुमच्या पायांना जरा आराम पडू दे, मी जाते की, असं ती म्हणाली तेव्हा काशम्माला आधी भरून आलं होतं, कारण मार्शल लॉ उठला त्या साली हे लग्न झालं आणि तेव्हापासून सून कधी आपण होऊन तिच्याशी चार शब्द धड बोलली नव्हती. पुढं पुढं मात्र मंगळवार आला की तिचे पाय शिवशिवत. मागच्या आठवड्यात नीलव्वा बाळंतपणाला बार्शीला माहेरी गेली आणि बाजार परत आला. काल रात्री जेवताना मुलगा शिवप्पा म्हणाला होता की दुकानातला गडी पाठवू, तू कशाला उन्हात जातीस. नवऱ्यानंही मान हलवली. पण गड्याला तूर आणि मसूर यातलं काही कळत नाही, मागच्या खेपेला त्यानं किडका हरभरा आणला, असं म्हणून तिनं विषय मिटवला होता. बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं होतं. ते तिला दिसलं होतं, पण बायकोनं आणि आईनं आपलं म्हणणं रेटलं याचं त्यांना नवल वाटलं असेल, एवढाच अर्थ तिनं त्यातून काढला.

बाजार कसा करायचा हे तिला अव्वानं शिकवलं होतं. मैंदर्गीच्या बाजारात अव्वाचं बोट धरून फिरताना तिनं पाहिलं होतं, की अव्वा पहिल्या फेरीत काहीच घेत नसे. रिकामी पिशवी घडी घालून काखेत दाबलेली असायची, म्हणजे विकणाऱ्याला ती दिसत नाही आणि तो भाव खरा सांगतो. विकणाऱ्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघायचं. नखांत माती असली तर माल त्याच्या रानातला, नसली तर दुसऱ्याकडून उचलून आणलेला. मिरची कानापाशी नेऊन हलवायची, बी वाजलं तर वाळलेली. ज्वारीचा दाणा दाढेखाली फोडायचा. भाजी सगळ्यांत शेवटी, ऊन चढल्यावर घ्यायची, कारण उरलेल्या पेंढ्या परत गावाला न्यायचं माणसाच्या जिवावर येतं. हे सगळं काशम्मानं सोलापुरात आणलं आणि वाढवलं. घरात ती हळू बोलायची, इतकं की नवरा पुष्कळदा काय, काय म्हणायचा. बाजारात तिचा आवाज तिलाच ओळखू येत नसे. ताठ चालायची, घासाघीस करायची, दोन पावलं निघून जायची आणि हाक आली की सावकाश वळायची. आज तिनं मुद्दाम नवं इरकल लुगडं नेसलं होतं, वांगी रंगाचं, तांबड्या पदराचं. गड्डा झाल्यावर चार-आठ दिवसांनी नवऱ्यानं दुकानातून स्वतः आणून दिलं होतं. आयुष्यात त्यानं तिला असं न मागता कधी काही दिलं नव्हतं. दुकानातला विकून उरलेला, डाग पडलेला माल तिच्या अंगावर यायचा. ते लुगडं तिनं शेजारणीला दाखवलं होतं. आज निंगव्वाला दाखवायचं होतं, आणि निंगव्वानं ते गावाकडं जाऊन अव्वाला सांगावं असं तिच्या मनात होतं.

निंगव्वानं ते पाहिलं होतंच. तिच्या बाजूला गावच्या आणखी दोघीजणी मिरच्या मांडून बसल्या होत्या, त्याही काशम्माकडं वर वर बघत होत्या आणि बघून खाली बघत होत्या. "लुगडं नवं हाय," निंगव्वा शेवटी म्हणाली. काशम्माचा हात आपोआप पदराकडं गेला. घरचंच हाय, असं काहीतरी ती बोलली.

"असणारच. दुकान घरचं, लुगडं घरचं." निंगव्वानं पोत्याची कड दुमडली. "आमी अजून अंगाला नवं धडुतं लावलं न्हाई. पोटची नव्हं मी तिच्या. भिंतीपल्याडची."

काशम्मानं ते शब्द ऐकले, पण ते कुणाबद्दल आहेत हे तिला समजलं नाही. तिला वाटलं निंगव्वाच्या घरात कुणी गेलं असेल आणि आपल्याला कळलं नाही म्हणून ती रागावली आहे. कोण गेलं असेल याचा ती विचार करायला लागली, निंगव्वाची सासू तर कधीच वारली, थोरला दीर असेल. आणि काय बोलावं ते ती तोंडात जुळवत होती तोवर निंगव्वा पुढं बोलत होती. आवाज वाढवला नव्हता. भाव सांगावा तशी बोलत होती.

"गड्ड्याच्या वेळी दिवस बुडेस्तोवर बसवून ठेवलं होतं अव्वाला. आपल्या गावचा मल्लप्पा तुमच्या दुकानात निरोप देऊन आला, म्हणाला दुपारच्या मोटारीनं येत्यात. चन्नवीर रस्त्यावर जाऊन उभा. मोटार आली, गेली. मठाचे स्वामी म्हणाले आता थांबता येत न्हाई, तरी चन्नवीर म्हणाला, थांबा, माझी बहीण येणार हाय. शेवटी कंदील धरून माती दिली."

बसवून हा शब्द तिच्या कानात आधी शिरला आणि अर्थ मागून आला. त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत. कपाळाला विभूती लावून, गळ्यात फुलं घालून भिंतीला टेकवून बसवतात आणि बसलेलं तसंच खड्ड्यात उतरवतात. अप्पा, तिचा बाप, गेला तेव्हा तिनं ते पाहिलं होतं. तिला एकदम अव्वा दिसली, सोप्यातल्या खांबापाशी, तोंड दाराकडं. मान एका बाजूला कलत असेल आणि कुणीतरी ती पुन्हा पुन्हा सरळ करत असेल. बाजाराचा गलका चालूच होता. कुणीतरी तिच्या खांद्याला धक्का देऊन गेलं. तिला मोठ्यानं विचारायचं होतं, कशानं, काय म्हणाली, माझं नाव घेतलं का. यातला एक प्रश्न जरी विचारला असता तरी त्या तिघींना कळलं असतं की हिला काहीच ठाऊक नाही, दोन महिने हिच्यापासून आईचं मरण लपवून ठेवलंय, आणि शुक्रवार पेठेतल्या त्या घरात हिची किंमत किती आहे. ती गोष्ट वळसंगाच्या मुक्कामात चारजणींत बोलली गेली असती आणि मैंदर्गीत घरोघर गेली असती. तीस वर्षं तिनं गावाला दुसरंच काहीतरी सांगितलं होतं. नवरा शब्द खाली पडू देत नाही, मुलगा विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की विचार करायच्या आधी जीभ हलली.

"घरात अडचण होती," काशम्मा म्हणाली.

निंगव्वानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडलं नाही. "असंल," ती म्हणाली. "मोठ्या घरच्या अडचणी बी मोठ्या." मग ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली आणि त्याच्यासाठी माप भरायला लागली.

काशम्मा तिथून निघाली ती बाजारातच फिरत राहिली. तिच्या पायांना दुसरं काही सुचलं नाही. मिरचीवाल्यापाशी थांबली, मिरची कानापाशी नेऊन हलवली, भाव पाडून घेतला, दोन पावलं चालून गेली, हाक आल्यावर वळली. चिंच घेतली. हरभऱ्याच्या ढाळ्याची पेंढी घेतली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापाशी तिनं कांद्यावरून इतका वाद घातला की तो हात जोडून म्हणाला, घ्या माय, तुमच्या मनाला येईल तसं घ्या. रडू येत नव्हतं. रडायला जागाही नव्हती. पिशवी भरत होती आणि डोक्यात ते दोन महिने एकेक करून परत येत होते, पण पूर्वी जसे आले होते तसे नाही. गड्ड्याचे दिवस होते. घरात पाहुणे उतरले होते, नवऱ्याच्या मावसबहिणी, त्यांची मुलं, भाकऱ्यांवर भाकऱ्या चालल्या होत्या. दुकान पुढं, घर मागं, मधे एक दार. त्या दारातून तिला सकाळी कानडी बोलण्याचा आवाज आला होता, आपल्या भागाकडच्या हेलाचा. कोण आलंय आपल्याकडचं, असं तिच्या मनात आलं होतं, पण तवा तापलेला. मग नवऱ्यानं आतल्या बाजूला तोंड करून एक तांब्या ताक पाठव म्हणून सांगितलं. तिनंच ताक घुसळलं. उन्हातून आलेला माणूस असेल म्हणून वर मीठ-जिरं टाकलं आणि तांब्या नीलव्वाच्या हातात दिला. मल्लप्पानं तिच्या हातचं ताक पिऊन तिच्या आईच्या मरणाचा निरोप दिला होता आणि तो दाराच्या दुसऱ्या बाजूनं मोटारीकडं निघून गेला होता. नीलव्वा रिकामा तांब्या घेऊन आली ती चुलीपाशी बसलीच नाही, परसात जाऊन उभी राहिली. काशम्मानं तिला विचारलंही होतं की मळमळतंय का. पाचवा महिना होता. ती नुसती मान हलवत राहिली.

म्हणजे नीलव्वाला तेव्हापासून माहीत होतं. त्याच संध्याकाळी तिनं काशम्माच्या पायांना तेल लावलं. अत्ती, दिवसभर उभ्या होतात, पाय द्या इकडं. काशम्मा भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, आणि तिला वाटलं होतं की देवानं एवढ्या वर्षांनी एक लेक दिली. तिकडं त्याच वेळी कंदील धरून माती चालली असेल. पुढचे दोन महिने त्या पोरीनं तिला जड उचलू दिलं नाही, गरम भाकरी पहिली तिच्या ताटात वाढली. शिवप्पा दुकानातून येताना तिच्यासाठी केळी घेऊन यायचा. नवरा जेवताना दोन वेळा तब्येत विचारायचा. काशम्मा या सगळ्यानं फुलली होती. घरात कुणी येणार असलं की ती मुद्दाम त्या गोष्टी काढायची. सून कशी सुधारली, पोरगा कसा बघतो. आणि ते तिघं तिच्या तोंडाकडं बघत ऐकत असतील. तिला ज्याची सगळ्यांत जास्त लाज वाटली ते हे होतं, की ती त्या दिवसांत सुखी होती. आई गेलेले दोन महिने तिच्या लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांतले सुखाचे दोन महिने होते. बाजार बंद केला तोही मायेनं नव्हता. मंगळवारी मैंदर्गीच्या गाड्या येतात हे त्यांना माहीत होतं. नीलव्वा पोटातलं मूल सांभाळत इतक्या लांब चालत यायची, निंगव्वाला चुकवून दुसऱ्या टोकाला बाजार करायची आणि घरी येऊन सांगायची, गाड्या आज आल्याच नाहीत, अत्ती. मग काशम्मा म्हणायची, सुगी चालू आहे ना, येतील पुढच्या खेपेला. आपणच त्यांना कारणं पुरवत होतो, तिला वाटलं. भाजीवाल्यानं पेंढी पुढं केली आणि काशम्मा ती हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. त्याच्या अंगठ्याच्या नखातल्या मातीकडं बघत राहिली. घेणार का न्हाई मावशी, तो म्हणाला. घेते, ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा नवरा जेवायला आत आला होता. सोमलिंग साठीकडं झुकलेला, अंगानं भरलेला, दुकानात गोड बोलून बोलून घरी गप्प राहणारा माणूस. तिनं पिशव्या ठेवल्या, हातपाय धुतले, सकाळी करून ठेवलेलं वाढलं. शिवप्पा दुकानात बसला होता. सोमलिंगनं बाजार कसा झाला विचारलं, तूर कशी आहे विचारलं. ती पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताला ठेवून समोर बसली आणि तिनं सांगितलं की निंगव्वा भेटली होती.

त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

सगळं म्हणाली, काशम्मानं सांगितलं. बसवून ठेवलं होतं ते. मोटार आली आणि गेली ते.

"मग तू काय सांगितलंस तिला?"

तो हे विचारील असं तिच्या मनात कुठंही नव्हतं. रस्त्यानं येताना तिनं त्याची पुष्कळ उत्तरं मनात रचली होती. तो रागावेल, तो खाली बघेल, तो तिच्याच अंगावर येईल. "घरात अडचण होती म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

सोमलिंगचे खांदे खाली आले. हातातला घास त्यानं तोंडात घातला, चावला, गिळला. "बरं केलंस," तो म्हणाला.

मग त्याला बोलायला सुचलं. तो त्याच दुपारी सांगणार होता. पण घरात पाहुणे, गड्ड्याचा धंदा, वर्षाचं सगळं त्या चार दिवसांवर. ती निघून गेली असती तर तेवढ्या माणसांचं कोण बघणार होतं, नीलव्वा गरोदर. रात्री सांगू म्हटलं तर रात्री उपयोग नव्हता, माती होऊन गेली असणार. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर काल का नाही सांगितलं असं झालं असतं. मग आठ दिवस झाले. मग जसे दिवस गेले तसं ते जड होत गेलं. शिवप्पा म्हणायचा सांगून टाकू, पण कुणी सांगायचं. तो हे सगळं शांतपणे, एखाद्या गिऱ्हाइकाला माल का लौकर आला नाही हे पटवून द्यावं तसं सांगत होता, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. तेच तिला सहन होत नव्हतं. त्यानं दुष्टपणानं केलं असतं तर तिला त्याच्यावर धावून जाता आलं असतं. एका दुपारी त्याला भाकऱ्या थापणारे हात हवे होते, एवढीच गोष्ट होती, आणि पुढं सगळं आपोआप झालं.

"तुझी आई पिकलेलं पान होती," तो म्हणाला. "आता जाऊन तरी काय करणार. चन्नवीरला मी चार ओळी लिहितो, तूच आजारी होतीस म्हणून. संबंध राहिले पाहिजेत." आणि मग त्यानं ताट जरा पुढं सरकवलं. "भात वाढ."

काशम्मानं भात वाढला. त्याच्यावर डाळ वाढली. तो जेवत होता आणि ती त्याच्या जबड्याकडं बघत होती, आणि तिच्या मनात हे आलं की तो आता निर्धास्त झाला आहे. दोन महिने त्याच्या छातीवर जे होतं ते आज तिनं काढून घेतलं होतं, निंगव्वापुढं, आपल्या तोंडानं. यापुढं तो तिला तब्येत विचारणार नव्हता. केळी येणार नव्हती. ती कुठल्या कुठल्या गोष्टींवर सुखी झाली होती हे आठवून तिला अंगावरचं लुगडं नकोसं झालं. ती उठली, लुगडं बदलावं म्हणून आतल्या खोलीत गेली आणि निऱ्यांना हात घातल्यावर थांबली. घरात नेसायची तिची सगळी लुगडी याच दुकानातली होती. तिनं हात काढून घेतला, पायांत वहाणा घातल्या आणि दुकानाच्या दारानं न जाता परसातून बाहेर पडली.

ऊन कललं होतं. बाजार अर्धाअधिक उठला होता. पाला, फुटके माठ, सांडलेली मिरची यावरून जनावरं फिरत होती. मैंदर्गीच्या गाड्यांपाशी बैल जुंपायची तयारी चालली होती. निंगव्वा रिकामी पोती एकात एक घालून ठेवत होती. काशम्मा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं कानडीत, आजूबाजूला कोण आहे हे न बघता सांगितलं, की मला माहीत नव्हतं. मल्लप्पानं दुकानात निरोप दिला, तो माझ्यापर्यंत आला नाही. मला आज तुझ्या तोंडून कळलं.

निंगव्वानं हातातलं पोतं खाली ठेवलं. काशम्माला वाटलं आता ती उठेल, आपल्याला धरील, काशी म्हणेल, आणि मग आपल्याला रडता येईल. ते रडू अगदी जवळ आलं होतं.

"सकाळी अडचण होती म्हणलीस," निंगव्वा म्हणाली.

सकाळी लाज वाटली, काशम्मा म्हणाली. घरचं बाहेर कसं सांगू म्हणून तसं बोलले.

"आणि आता?" निंगव्वाच्या आवाजात राग उरला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "एका घरात ऱ्हाता. एका चुलीवर जेवता. दोन महिन्यांत नवऱ्यानं सांगितलं न्हाई, पोरानं न्हाई, सुनेनं न्हाई. असं कुटं असतंय का? मी चन्नवीरला काय सांगू, सकाळचं का आत्ताचं? तो म्हणेल, आता नवऱ्यावर ढकलतीया."

नीलव्वानं तेल लावलं ते, केळ्यांचं, लुगड्याचं, ताकाचं, सगळं काशम्माच्या जिभेवर आलं होतं, पण ते एकापुढं एक ठेवलं तरी ते खरं वाटणार नाही हे तिला दिसत होतं. सगळे इतके चांगले वागले, असं सांगावं लागलं असतं. मिरच्यावाल्या दोघी आपापली गाठोडी बांधत ऐकत होत्या. त्यातल्या एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

काशम्मा गाडीच्या मागच्या बाजूला गेली, दांडीला धरून पाय वर टाकला, आणि पहिल्यांदा जमलं नाही म्हणून गुडघा टेकवून चढली. इरकलाचा काठ खिळ्याला अडकून टरकला. ती पोत्यांवर बसली. कुणी उतर म्हणालं नाही आणि ये असंही कुणी म्हणालं नाही. निंगव्वा थोडा वेळ खाली उभी राहिली, मग वर आली आणि दोन पोती ओढून तिनं काशम्माच्या पाठीशी दिली, कारण रस्ता लांबचा आणि दगडाचा होता. चन्नवीर दारात उभा राहून काय म्हणेल, दार पुरतं उघडेल की नाही, हे काशम्माला माहीत नव्हतं. अव्वाला कुठं माती दिली तेही तिनं अजून विचारलेलं नव्हतं. अप्पाच्या शेजारी असेल, बांधावरच्या लिंबाखाली. तिथंवर तरी कुणाला न विचारता जाता येईल, असा तिनं हिशोब केला.

गाडीवान म्हातारा होता, या बाजाराला पहिल्यांदाच आलेला. बैलांच्या खांद्यावर जू बसवून तो जागेवर चढला आणि मागं वळून त्यानं काशम्माला पाहिलं, तिच्या लुगड्याला पाहिलं. मग त्यानं निंगव्वाला विचारलं की ही कोण.

"बसव्वाची लेक," निंगव्वा म्हणाली.

"म्हंजे ती, न आलेली?"

निंगव्वा वळली. तिनं काशम्माकडं पाहिलं, आणि काशम्मानंही तिच्याकडं पाहिलं.

"व्हय," निंगव्वा म्हणाली. "तीच."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.